एकही माणूस उठला नाही

केतकी सुतारच्या लघुपटात कुत्रा नव्हता. अकरा मिनिटांच्या त्या चित्रपटात एक बाई होती, एक सायकल होती, साखर कारखान्याचं फाटक होतं आणि बराच वेळ नुसता भोंगा होता. त्यामुळे महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या रांगेत, एका पोर्तुगीज परीक्षकबाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि केतकीच्या कानातलं दुभाषी यंत्र मराठीत म्हणालं, "तो म्हातारा कुत्रा फाटकाशी वाट बघत बसतो ना, तिथं मला रडू आवरलं नाही," तेव्हा केतकी नुसती हसली. बाईंची दुसऱ्या कुठल्या तरी चित्रपटाशी गल्लत झाली असणार, असं समजून ती वाटीत तांबडा रस्सा वाढून घेऊ लागली.

पुण्याचे एक समीक्षक मागून आले. "शेवटचं ते चांदणं! नुसतं चांदणं दाखवून थांबायला छाती लागते हो."

केतकीनं 'मळी' चित्रपट भर उन्हात, दोन दुपारींत उरकला होता. चांदणं दूरच, तिनं संध्याकाळसुद्धा टिपली नव्हती.

मग रणधीरदादा आले. ते महोत्सवाचे मुख्य प्रायोजक आणि नदीपल्याडच्या साखर कारखान्याचे अध्यक्ष. त्यांनी केतकीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आमच्या धंद्यावर इतका गोड चित्रपट आजवर कुणी काढला नव्हता. संध्याकाळी सुवर्णढेप माझ्याच हातानं देणार तुला."

आता मात्र केतकीनं वाटी खाली ठेवली. कोल्हापूरच्या या आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक म्हणजे पितळेची, सोन्याचं पाणी दिलेली गुळाची ढेप, आणि ती 'मळी'ला मिळाल्याचं सकाळीच जाहीर झालं होतं. तेव्हापासून केतकी हवेत होती. पण 'मळी' ज्या कारखान्याविरुद्ध होता, त्याच कारखान्याचा अध्यक्ष त्याला गोड म्हणत होता. चित्रपट कळायला अवघड होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. शेवटच्या दृश्यात त्या कारखान्याची पाटी वाचता येईल इतकी मोठी होती.

दोन वर्षांपूर्वी त्या कारखान्यात मळीची टाकी फुटली. रात्रपाळीची माणसं मळीबरोबर नदीत वाहून गेली. त्यात प्रथमेश चौगुले होता, कंत्राटी कामगार, वय वर्षं बावीस. त्याचा देह मिळाला नाही. कारखान्यानं सांगितलं की त्या पाळीला तो कामावर नव्हताच, पळून गेला असेल कुठंतरी. त्याची आई रंजनाकाकी तेव्हापासून रोज पाळी बदलायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राहायची. केतकी तिथं कॅमेरा घेऊन गेली, तेव्हा काकीनं एकच अट घातली. "माझा प्रश्न कापायचा न्हाई. बाकी कायबी काप." शेवटच्या दृश्यात काकी कॅमेऱ्यात बघून तो प्रश्न विचारते आणि चित्रपट संपतो. केतकीनं शब्द दिला होता आणि पाळलाही होता. निदान तिची तशी समजूत होती.

चित्रपट दाखवला गेला तेव्हा ती आत नव्हती. ही तिची जुनी खोड. स्वतःचा चित्रपट लोकांबरोबर बघायचा म्हटलं की तिला मळमळायचं, म्हणून ती बाहेर चहाच्या टपरीवर उभी राहायची आणि किती माणसं मध्येच उठून बाहेर येतात ते बघायची. तिच्या प्रत्येक चित्रपटाला चार-दोन माणसं तरी उठायचीच. काल कुणीच उठलं नाही, आणि ती वेडी त्याचाच आनंद मानत बसली.

रस्सा तसाच टाकून ती नाट्यगृहाकडे निघाली. दारावर बॅटरी घेऊन उभे असणारे गृहस्थ तिला बघून पुढं झाले. "बाई, काल मला जेवण गेलं न्हाई. त्या माउलीचा प्रश्न... तुम्ही तसं विचारायलाच पायजे होतं."

"तुम्हाला प्रश्न दिसला?" केतकीनं विचारलं.

"न दिसायला काय झालं? हितं उभाच होतो की मी."

*

हृषीकेश पटवर्धन वरच्या नियंत्रण खोलीत होता. तो आणि केतकी चित्रपटाच्या शाळेत एका वर्गात होते. तिच्या पहिल्या तीन लघुपटांचं संकलन त्यानंच केलं होतं आणि त्या काळात दोघांनी एका डब्यात जेवून बरीच भांडणं केली होती. मग तो यंत्रांकडे वळला. महोत्सवानं यंदा मोठ्या कौतुकानं बसवलेलं 'सहृदय' हे यंत्र त्याचंच अपत्य.

"माझ्या चित्रपटात कुत्रा कुठून आला?" केतकीनं दारातूनच विचारलं.

"कुणाला दिसला? त्या पोर्तुगीज बाईंना?" हृषी खुशीत हसला. "मस्त! त्यांच्या नाडीवरूनच कळत होतं."

"हृषी, सरळ सांग."

त्यानं सरळ सांगितलं. लहानपणी कंपासपेटीवर एक खरबरीत चित्र यायचं. डावीकडून बघितलं की वाघ दिसायचा, उजवीकडून बघितलं की हरीण. नाट्यगृहातल्या नव्या पडद्याचं तत्त्व तेच, फक्त त्यात बारीक भिंगं लाखोंनी होती. समोरच्या प्रत्येक खुर्चीच्या दिशेनं पडदा वेगळं चित्र फेकू शकायचा आणि शेजारच्याला त्याचा पत्ता लागायचा नाही. आवाजाचंही तसंच. छतातले ध्वनिक्षेपक आवाजाची बारीक शलाका सोडत. ती त्या त्या डोक्यापाशीच ऐकू येई. खुर्चीच्या हातांत नाडी आणि तळव्याचा घाम मोजणाऱ्या पट्ट्या होत्या, आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीत डोळ्यांच्या बाहुल्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा.

"माणूस कंटाळायच्या किंवा अस्वस्थ व्हायच्या आधी त्याचं शरीर चुगली करतं," हृषी म्हणाला. "सहृदय ती ऐकतो आणि पुढचं दृश्य त्या माणसापुरतं बदलतो. दिग्दर्शकाच्याच शैलीत, त्याच प्रकाशात, त्याच चेहऱ्यांतून नवं दृश्य घडवतो. तुझ्या चित्रपटाला हात न लावता."

"हात न लावता?"

"मूळ प्रत शाबूत आहे. आणि तुम्हा सगळ्यांना पहिल्याच दिवशी मंचावरून सांगितलं होतं, प्रक्षेपण प्रेक्षकानुकूल असेल म्हणून. तूच हात वर करून संमती दिलीस."

केतकीला आठवलं. तिला वाटलं होतं, उजेड आणि आवाज कमी-जास्त करणार असतील. तिच्यासारखेच सगळे हात वर गेले होते. महोत्सवात नव्या शब्दाचा अर्थ विचारून आपलं अडाणीपण कोण दाखवणार?

"संस्कृतात सहृदय म्हणजे कवीच्या हृदयाशी ज्याचं हृदय जुळतं तो रसिक," हृषी सांगत होता. "हजार-बाराशे वर्षं आपण तसे रसिक शोधत फिरतोय. मी म्हटलं, उलट का करू नये? कलाकृतीच जुळवून घेईल. आणि निकाल बघ! आठवडाभरात एकही माणूस उठला नाही. एकही! जगातल्या कुठल्या महोत्सवात असं झालंय?"

"मग प्रश्न किती जणांनी ऐकला?"

हृषीनं नोंदी चाळल्या. "प्रश्नापाशी सगळ्यांचीच नाडी बिघडत होती. बसलेल्यांपैकी कुणीच नाही."

"परीक्षकांनीही नाही?"

"परीक्षकही खुर्चीतच बसतात, केतकी."

तिला एकदम दारावरचे गृहस्थ आठवले. "आणि उभ्या माणसाला?"

"त्याला मूळ प्रत दिसते. चाचण्यांच्या वेळी मध्येच उठलेली माणसं दुसऱ्यांच्या चित्रपटांमधून चालत जायची आणि चक्कर येऊन पडायची. म्हणून बसल्या डोक्याच्या वर सगळीकडे मूळ चित्र आणि साधा आवाज सोडलाय. बघतंय कोण तिथून? दोन दारवान."

केतकीनं खुर्ची ओढली, पण ती बसली नाही. तिच्या मनात जो प्रश्न होता तो विचारायची तिला भीती वाटत होती. काल काकी मुद्दाम गावाहून एसटीनं आली होती आणि मधल्या रांगेत बसली होती.

"रंजनाकाकीला काय दिसलं?"

हृषीनं समोरच्या पडद्यावर चित्रण लावलं. तेच फाटक, तोच भोंगा, पाळी सुटून बाहेर पडणारे कामगार. केतकीनं टिपलेलेच. आणि त्यांच्यातून सायकल हातात धरून प्रथमेश बाहेर आला. केतकीनं चित्रपटात वापरलेल्या त्याच्या मोबाइलवरच्या चित्रफितींतून यंत्रानं त्याला उभा केला होता. त्यानं आईला बघितलं, सायकल भिंतीला लावली आणि म्हणाला, "आई, हितं कशाला आलीस? चल घरी, भूक लागलीय."

केतकीला हृषीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी ते दृश्य पुन्हा एकदा बघावंसंही वाटलं. दुसऱ्या इच्छेची तिला शरम वाटली.

"हे तू केलंस?"

"मी कशाला करू? तिच्या शरीरानं मागितलं, यंत्रानं दिलं." हृषीचा आवाज खाली आला. त्याच्यात फुशारकी नव्हती. "तू राग करशील, पण एक सांग. तू त्या बाईला काय दिलंस? तिचंच दुःख, अकरा मिनिटं, मोठ्या पडद्यावर. मी तिला तिचा मुलगा दिला. कुणाचं चुकलं?"

केतकी जिना उतरली.

*

पाहुण्यांची सोय केलेल्या यात्री निवासाच्या पायरीवर रंजनाकाकी बसली होती. जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीचं लुगडं, मांडीवर पिशवी. कालपासून ती कुणाशी धड बोलली नव्हती.

केतकी शेजारी बसली. सगळं सांगून टाकायचं ठरवून आली होती, पण काकीचा चेहरा बघून तिचा विचार फिरला. या बाईच्या पदरात एवढी एक गोष्ट पडली आहे. ती खोटी आहे हे सांगायचा आपल्याला काय अधिकार? ढेप घ्यावी, आभार मानावेत, गप्प बसावं.

"संध्याकाळी परत दाखवणार हायत म्हणं चित्रपट?" काकीनंच विचारलं.

"हो. पारितोषिक दिल्यावर." केतकी अडखळली. "तुम्हाला परत बघायचाय, काकी?"

"तू मला शब्द दिला होतास."

केतकीनं मान खाली घातली.

"प्रश्न कापायचा न्हाई म्हणून. काल मी खुर्चीत ताठ बसून ऱ्हायले. म्हटलं आता येईल माझा प्रश्न. मोठमोठी माणसं बसल्यात, ऐकतील. तर प्रश्न आलाच न्हाई. प्रथमेश आला."

"काकी, ते मी नाही... ते यंत्रानं..."

"कुणीबी करंना. मला कळत न्हाई व्हय त्यो खरा न्हाई त्ये? मी त्याचं दहावं घातलंय." काकीनं चष्मा काढला, पदरानं पुसला. "खोटं कशाला बोलू पोरी, बरं वाटलं. हात पुढं केला मी अंधारात. म्हटलं, गालाला तरी लागंल. मग घरला यायला निघालं की ते पोरगं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्यो जित्ता भाईर आला म्हंजी कारखाना सुटला की गं! त्येंनी काय केलंच न्हाई मग. टाकी फुटली न्हाई, कोण वाहून गेलं न्हाई. माझ्या पोराला जित्ता करून त्येंनी सोताला सोडवून घेतलं."

हृषीच्या प्रश्नाचं उत्तर पायरीवर बसलेलं होतं आणि केतकी तासभर भलतीकडेच शोधत होती.

"त्येंच्या खुर्चीत बसलं की असंच हुतंय का?" काकीनं विचारलं.

"बसलं की असंच होतं," केतकी म्हणाली. आणि मग ती एकदम उठून उभी राहिली. "काकी, संध्याकाळी तुम्ही खुर्चीत बसायचं नाही. माझ्याबरोबर मंचावर यायचं. मला तुमची एक परवानगी हवीय, प्रथमेशचं नाव घेऊन लोकांना काही सांगायची."

ती काय सांगणार हे काकीनं ऐकून घेतलं. काल दुपारपासून पहिल्यांदाच ती हसली. "त्याला कोण न्हाई म्हणतंय? त्यासाठी तर मंत्रीबी उठतोय."

*

संध्याकाळी नाट्यगृह खचाखच भरलं. शाली झाल्या, नारळ झाले, दीपप्रज्वलनाची मेणबत्ती नेहमीप्रमाणे दोनदा विझली. रणधीरदादांनी केतकीच्या हातात सुवर्णढेप ठेवली. ती इतकी जड होती की तिला दोन्ही हातांनी पोटाशी धरावी लागली. छायाचित्रं निघाली. दादा खाली येऊन पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसले. त्या सोफ्यालाही हृषीनं पट्ट्या लावल्या होत्या, खास पाहुण्यांसाठी मखमलीखालून.

केतकीनं ढेप जमिनीवर ठेवली आणि माइकपाशी आली. तिच्या मागं रंजनाकाकी उभी होती.

"मला भाषण करायचं नाही," ती म्हणाली. "चित्रपट आता लागेलच. त्याआधी एक विनंती. या चित्रपटातला प्रथमेश चौगुले आज आपल्यात नाही. ही त्याची आई. आपण सर्वांनी आपापल्या जागी स्तब्ध उभं राहून प्रथमेशला श्रद्धांजली वाहावी. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी बसावं."

या मुलखात माणूस कशाला नाही म्हणेल सांगता येत नाही, पण श्रद्धांजलीला उभं राहायला नाही म्हणणारा अजून जन्मायचा आहे. खुर्च्या खडखडल्या. भ्रमणध्वनी खिशात गेले, हात पोटासमोर जुळले, माना खाली गेल्या. परदेशी पाहुण्यांनी शेजाऱ्यांकडे बघितलं आणि तेही उभे राहिले. पहिल्या रांगेत रणधीरदादा सदऱ्याचं टोक ओढत सर्वांच्या आधी उठले होते. त्यांना आजवर अशा किती सभांमध्ये उभं राहावं लागलं असेल, त्यांनाच ठाऊक.

"ही श्रद्धांजली अकरा मिनिटांची आहे," केतकी म्हणाली. "माना खाली घालू नका. वर बघा."

तिनं वरच्या काचेकडे हात केला. काचेमागं हृषी होता. एक कळ दाबून तो वरचं मूळ चित्र बंद करू शकला असता. खोली त्याची होती, यंत्र त्याचं होतं, प्रायोजक समोर उभा होता. क्षणभर काहीच झालं नाही. मग दिवे मंदावले आणि 'मळी' सुरू झाला.

आठवडाभरात पहिल्यांदाच त्या नाट्यगृहात सगळे एकच चित्रपट बघत होते. सुरुवातीला चुळबुळ झाली. एका टोकाला कुणीतरी खोकलं, आणि त्याच्या पाठोपाठ दहा जण खोकले. समीक्षक चांदण्याची वाट बघत होते. पडद्यावर रणरणतं ऊन होतं. पोर्तुगीज बाई कुत्रा शोधत होत्या. मग त्यांनी शोधणं सोडलं. पाय दुखायला लागले होते, पण श्रद्धांजलीत पहिलं बसायचं कुणी? मागच्या रांगेतला एक जण टेकला, आणि त्याच्या बायकोनं त्याला दंडाला धरून उठवलं. माणसं एकमेकांकडे बघत होती, काल अशी बघत नव्हती.

भोंगा झाला. फाटक आलं. कारखान्याची पाटी आली, तिच्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. पाळी सुटली, कामगार बाहेर पडले, शेवटचा माणूस बाहेर पडला, पहारेकऱ्यानं फाटक लावलं. सायकल धरून कुणीच आलं नाही. काकी पडद्यावरून सरळ समोर बघायला लागली.

"माझं पोरगं त्या राती कामावर न्हवतं म्हणता. त्याचा डबा मी सोता फाटकावर दिला. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा परत आला. पोरगं आत न्हवतं, तर मग खाल्ला कुणी?"

पडदा काळा झाला.

पहिल्या रांगेत रणधीरदादा मटकन खाली बसले. ते दमून बसले की दुसऱ्या कशानं, देव जाणे. पण पट्ट्यांनी त्यांची नाडी धरली असणार, कारण मखमलीच्या त्या सोफ्यापुरतं, संपलेल्या चित्रपटावर, काहीतरी गोड संगीत सुरू झालं असावं. दादांनी कानाशी हात नेला. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळं नाट्यगृह उभं आहे आणि आपण एकटेच बसलो आहोत. ते पुन्हा उठले. मधल्या वाटेनं दाराकडे चालू लागले.

महोत्सवातला उठून जाणारा पहिला माणूस. केतकीला इतकं समाधान ढेपेनंही दिलं नव्हतं.

दाराशी बॅटरीवाले गृहस्थ होते. त्यांनी दार उघडलं नाही, अडवलंही नाही. नुसती बॅटरी दादांच्या चेहऱ्यावर धरली, उशिरा आलेल्या प्रेक्षकाच्या खुर्चीवर धरतात तशी. दादा तिथंच थांबले आणि वळले. वर काचेमागं हृषी उभा होता. त्याची खुर्ची रिकामी होती आणि त्याचे हात कुठल्याच कळेवर नव्हते.

दिवे लागले. श्रद्धांजली संपली की सूत्रसंचालकानं "आसनस्थ व्हावे" म्हणायचं असतं. तोवर कुणी बसत नाही, ही आपली रीत. सूत्रसंचालकानं तोंड उघडलं आणि केतकीकडे बघितलं. केतकीनं काकीकडे बघितलं. काकी जमिनीवरची ढेप ओलांडून पुढं आली. माइक तिच्या उंचीला फार वर होता. केतकीनं तो खाली केला.

"इचारलंय मी," काकी दाराकडे बघत म्हणाली. "सांगा."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. सूत्रसंचालक हातातला कागद घडी करत उभा होता. "बसा" कुणीच म्हणालं नाही, आणि कुणी बसलंही नाही.